मॅक्रो छायाचित्रणाचे सर्जनमूल्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मॅक्रो छायाचित्रणाचे छोटे वर्ग घेतो. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर किंवा तळजाईच्या वाटेवर गुडघे टेकून बसलेली आमची मंडळी पाहून फिरायला आलेले लोक थांबतात आणि प्रश्न विचारतात. वर्गात येणारे विद्यार्थी तेच प्रश्न थोड्या तांत्रिक भाषेत विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उपकरणांची माहिती आवश्यक तेवढीच दिली आहे, कारण ती इतरत्र मुबलक मिळते. या छायाचित्रांना कलाकृती म्हणून मोल कशामुळे येते हा माझ्या आस्थेचा विषय आहे आणि बहुतेक उत्तरे त्याच मुद्द्याकडे वळतात.

मॅक्रो छायाचित्रण नेमके कशाला म्हणतात?

वस्तूचा प्रत्यक्ष आकार आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडणाऱ्या तिच्या प्रतिमेचा आकार सारखाच असेल, म्हणजे प्रमाण एकास एक असेल, तर त्या छायाचित्राला काटेकोर अर्थाने मॅक्रो म्हणतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. त्यामुळे एकास एक प्रमाणात तेवढ्याच मापाचा तुकडा पूर्ण चौकट व्यापतो. एखादे लहान नाणे त्या उंचीत जेमतेम मावते, यावरून अंदाज यावा. व्यवहारात अर्ध्या प्रमाणाच्या छायाचित्रांनाही लोक मॅक्रो म्हणतात आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. निकॉन कंपनी आपल्या याच प्रकारच्या लेन्सना ‘मायक्रो’ म्हणते, म्हणून नव्या विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. काम एकच आहे. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून घेतलेली छायाचित्रे मात्र वेगळ्या शाखेत मोडतात.

लहान वस्तू मोठी करून दाखवली, यात छायाचित्रकाराचे कर्तृत्व कोणते? ते तर भिंगाचेच आहे.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. मोठे करणे हे भिंगाचेच काम आहे, आणि ज्या छायाचित्रात त्यापलीकडे काही घडलेले नसते ते पाहून माणूस एकदा ‘अरे वा’ म्हणतो आणि पुढे जातो. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक विद्यार्थी अशी छायाचित्रे घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पुढचा टप्पा कसा असतो ते एका साध्या फुलावरून सांगता येईल.

एकदांडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पर्वतीच्या उतारावर, सोसायटीच्या कुंपणाशी, पदपथाच्या फटीत, जिथे चिमूटभर माती असेल तिथे ती उगवते. खरचटल्यावर जिचा पाला चोळून लावतात ती ही दगडीपाल्याची वनस्पती. लांब देठाच्या टोकाला एकच फूल असते, मध्ये पिवळे बटण आणि कडेला पाचएक फिकट पाकळ्या. हेच फूल एकास एक प्रमाणात पाहिले की ते एक फूल नाही हे कळते. मधले पिवळे बटण म्हणजे कितीतरी स्वतंत्र फुलांचा घोळका असतो, आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या पाच चिमुकल्या पाकळ्या असतात. कडेची फुले आधी उमलतात, मधली अजून मिटलेल्या कळ्या असतात. कडेची ‘पाकळी’ म्हणून आपण जी मोजली तीही एक पूर्ण फूलच असते, आणि तिच्या टोकाला बारीक कातरे असतात.

येथपर्यंत भिंगाने सांगितले. आता छायाचित्रकाराला ठरवायचे असते. बरोबर वरून पाहिले तर कडेकडून मध्याकडे उमलत जाणाऱ्या वर्तुळांची एक शिस्तशीर रचना दिसते, जवळजवळ रांगोळीसारखी. जमिनीवर आडवे होऊन, सूर्य फुलाच्या मागे ठेवून पाहिले तर देठावरची लव चमकते आणि ते फूल एकट्याने उभे असलेल्या, थोड्या थकलेल्या जिवासारखे भासते. आणि अगदी जवळ जाऊन घोळक्यातले एकच फूल स्पष्ट ठेवले व बाकीची पिवळ्या धुक्यात विरघळू दिली, तर गर्दीत एकच ओळखीचा चेहरा दिसावा तसा अनुभव येतो. वस्तू तीच, लेन्स तीच, सकाळही तीच. तिन्ही छायाचित्रे पाहणाऱ्याला वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतात, आणि त्यांतले कोणते घ्यायचे हे ठरवणारी नजर भिंगात बसवलेली नसते. मॅक्रोचे सर्जनमूल्य माझ्या मते याच निवडीत आहे, आणि त्यातही काय गाळायचे या निवडीत अधिक आहे; कारण एवढ्या जवळून पाहताना चौकटीत आलेली प्रत्येक गोष्ट मोठी होते, नको असलेली काडीसुद्धा.

मग हे काम मुळात वैज्ञानिकांचे आहे, असे म्हणता येणार नाही का?

सुरुवात तिथूनच झाली आहे. इंग्लिश वैज्ञानिक रॉबर्ट हुकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची चित्रे प्रसिद्ध केली, त्यांत पिसूचे चित्र घडी उलगडून पाहावे लागेल एवढे मोठे होते. ती वैज्ञानिक नोंद होती. तरीही ते चित्र आजही लक्षात राहते ते त्याच्या रेषेमुळे आणि चित्राला मुद्दाम दिलेल्या त्या भव्यतेमुळे.

याहून जवळचे उदाहरण जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे आहे. बर्लिनमध्ये ते कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत आणि वनस्पतींचे कोंब, कळ्या, देठ, ताणे यांची मोठी केलेली छायाचित्रे स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने घेत, ती वर्गात दाखवण्यासाठी. लोखंडी जाळीकाम किंवा खांबांवरची नक्षी करणाऱ्या विद्यार्थ्याने आकार कुठून घ्यावा, हे त्यांना शिकवायचे होते. हे काम त्यांनी कित्येक वर्षे केले आणि १९२८ साली ती छायाचित्रे पुस्तकरूपाने आल्यावर, वयाची साठी उलटल्यानंतर, त्यांचे नाव झाले. त्यांचा एखादा नेच्याचा कोवळा, गुंडाळलेला कोंब पाहिला की कोंब आणि राजदंड यांत फरक करणे कठीण जाते. साधी करडी पार्श्वभूमी, शांत प्रकाश, आणि रंग नाहीतच. या संयमामुळे आकार बोलू लागला.

पुण्यात वनस्पतींच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय येथे आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. अभ्यासकाला वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी पानांची मांडणी, देठावरची लव, पुंकेसरांची संख्या असे सर्व काही एका चित्रात स्पष्ट हवे असते. कलावंताला त्यातले एकच हवे असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की प्रत्येक विषयाचे पहिले छायाचित्र नोंदीसाठी घ्या, प्रामाणिक, सर्व अवयव दाखवणारे. ते कर्तव्य पार पडले की मन मोकळे होते आणि मग दुसरे छायाचित्र स्वतःचे घेता येते. नोंद करण्याची सवय नसलेला छायाचित्रकार मॅक्रोत फार काळ टिकलेला मी पाहिलेला नाही, कारण विषयाचे नाव-गाव, सवयी, ऋतू माहीत नसताना त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही.

माझ्या छायाचित्रात अगदी थोडाच भाग स्पष्ट येतो आणि बाकी सारे धूसर. ही माझी चूक आहे का?

नाही, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एकास एक प्रमाणात ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ ८ ठेवले तर स्पष्टतेची खोली साधारण एक मिलिमीटर मिळते, म्हणजे तिळाच्या जाडीएवढी. प्रमाण दुप्पट केले तर ती एक तृतीयांश मिलिमीटरवर येते. ॲपर्चर आणखी लहान करून खोली वाढवता येते. परंतु एकास एक प्रमाणात लेन्सवर लिहिलेला आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो, एफ १६ चे काम एफ ३२ सारखे होते, आणि त्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश इतका पसरतो की सारेच चित्र मऊ पडते. शिवाय दोन स्टॉप प्रकाश कमी पडतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, तो वेगळाच.

या एका मिलिमीटरकडे अडचण म्हणून पाहायचे की साधन म्हणून, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. निसर्गचित्र घेणाऱ्याला समोरचा डोंगर, झाड, ढग सारे स्पष्ट मिळते, आणि कशाला महत्त्व द्यायचे हे त्याला प्रकाशाने किंवा रचनेने सुचवावे लागते. मॅक्रोत एकच पातळ पापुद्रा स्पष्ट असतो, आणि तो कुठे टाकायचा हे तुम्हीच ठरवता. टाचणी (चतुरासारखाच, पण सडपातळ अंगाचा कीटक) किंवा चतुर गवताच्या पात्यावर बसलेला असताना तुम्ही त्याच्या शरीराला समांतर आलात तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा तो त्या पापुद्र्यात येतो. समोरून आलात तर फक्त डोळे येतात आणि मागे निळसर रेघ विरत जाते. कीटकाचा डोळा स्पष्ट हवा, हा संकेत चांगला आहे आणि शिकताना तो पाळावा. पण कधीतरी तो मोडूनही पाहावा. जाळ्यावर बसलेल्या कोळ्याऐवजी त्याच्या पायाखालचा दव लगडलेला एकच धागा स्पष्ट ठेवा. कोळी मागे केवळ एक सावट म्हणून राहील, आणि भक्ष्याला तो जसा जाणवत असेल तसा काहीसा तुम्हालाही जाणवेल.

फोकस स्टॅकिंग केव्हा करावे?

फोकस थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे, ही पद्धत स्थिर विषयांसाठी उत्तम आहे. दागिना, बी, शिंपला, न हलणारा कीटक यांसाठी ती वापरा. मात्र सर्वत्र सारखे स्पष्ट असलेले चित्र पाहणाऱ्याला काही सांगत नाही, केवळ सर्व काही दाखवते, हे भान ठेवावे. मी स्टॅकिंग करतो तेव्हाही पुढची किंवा मागची काही छायाचित्रे मुद्दाम वगळतो.

पार्श्वभूमीबद्दल तुम्ही एवढे का सांगता?

कारण निम्मे चित्र तेच असते. दूरचे दृश्य टिपताना दोन पावले सरकलात तरी मागचे आकाश फारसे बदलत नाही. मॅक्रोत कॅमेरा दोन बोटे खाली घेतला की मागची लाल माती जाऊन हिरवे झुडूप येते, आणखी दोन बोटे खाली घेतला की निव्वळ आकाश. एवढ्या लहानशा हालचालीत चित्राचा मूड इतका पालटतो की हे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्या प्रकारच्या छायाचित्रणात असेल असे मला वाटत नाही. म्हणून विषय सापडल्यावर आधी पार्श्वभूमी पाहावी. मागे वाळलेली पांढरी काडी आडवी गेलेली असेल तर विषय कितीही सुंदर असो, नजर त्या काडीकडेच जाते.

फ्लॅश वापरावा की नैसर्गिक प्रकाशावर विसंबावे?

दोन्ही शिका. ढगाळ सकाळचा प्रकाश फुलांना आणि दवाला फार मानवतो, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो भरपूर मिळतो. अडचण वाऱ्याची असते. हलत्या कीटकासाठी फ्लॅश लागतो, कारण कमी शक्तीवर चालवलेल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्पकाळ असू शकतो आणि त्यात कीटकाची आणि हाताची, दोन्ही थरथर गोठून जाते. उघडा फ्लॅश मात्र कधीही मारू नये. ढालकिडा, ज्याला अनेक जण लेडीबर्ड म्हणतात, त्याच्या पाठीवर तुमच्या दिव्याचे प्रतिबिंब हुबेहूब उमटते. उघड्या फ्लॅशचा तिथे एक जळका पांढरा ठिपका दिसतो, तर ट्रेसिंग पेपरचा रुंद, वाकवलेला पडदा मध्ये धरला तर त्याच पाठीवर आभाळासारखी मऊ झाक पसरते आणि तिची गोलाई कळते. असा पडदा दहा-वीस रुपयांत घरी करता येतो.

मला जंगलात किंवा टेकडीवर जाणे शक्य नाही. घरात काय टिपता येईल?

खरे तर घरात केलेले काम मला अधिक कठीण आणि म्हणून अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे विषय स्वतःहून आश्चर्यकारक नसतो.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे छायाचित्र घेतले. काटेकोर व्याख्येत ते मॅक्रो बसणार नाही; पण जवळून पाहण्याने काय होते याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मिरचीच्या वळ्या एकमेकींना बिलगलेल्या देहांसारख्या दिसतात, आणि नरसाळ्याच्या आतून उसळणारा प्रकाश त्यांच्यावर सर्व बाजूंनी फिरतो. मंडईतून ढोबळी मिरची आणताना मी आता वळ्या पाहून निवडतो.

माझ्या स्वतःच्या कामातले एक उदाहरण सांगतो. आमच्या शेजारी तबला शिकवला जातो, आणि एकदा तिथला जुना दायाँ, म्हणजे जोडीतला उजव्या हाताने वाजवायचा तबला, मी दोन दिवसांसाठी मागून आणला. तबल्याची शाई म्हणजे मधला काळा गोल. लोहाची पूड मिसळलेल्या लुकणाचे थरावर थर देऊन आणि प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवतात. दुरून ती एकसंध काळी दिसते. एकास एक प्रमाणात, खिडकीतून अगदी तिरका प्रकाश घेऊन पाहिली तेव्हा ती उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखी दिसली. बारीक भेगांचे जाळे आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला उजळ रेघ. मला वाटले, जुना झाल्यामुळे तडकला असावा. गुरुजींनी सांगितले की त्या भेगा मुद्दाम घोटून पाडलेल्या असतात. शाई भेगांमुळे लवचीक राहते म्हणून तर चाट (पुडीची कड) आणि सूर (कड व शाई यांमधला भाग) यांना तो नाद मिळतो, भेगा नसतील तर आवाज बसेल. हे कळल्यावर मी पुन्हा बसलो आणि तिरका प्रकाश आणखी तिरका केला, कारण आता मला जुनेपणा दाखवायचा नव्हता, नादाची जागा दाखवायची होती. दोन्ही दिवसांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर विषय एकच आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

याच रीतीने रांगोळीचे कण, भिजून पारदर्शक झालेला साबुदाणा मागून प्रकाश देऊन, पैठणीच्या पदरावर जरीचा धागा रेशमाला ओलांडतो ती जागा, तुळशीच्या मंजिरीवरचे उमललेले एकच फूल, कांद्याच्या पापुद्र्यावरच्या शिरा, पितळी अडकित्त्याच्या सांध्यावरची झीज, असे कितीतरी विषय आहेत. त्या वस्तूशी तुमचा काही संबंध असेल तर उत्तम. छायाचित्रात तो उतरतो.

पुणे परिसरात कुठे आणि कोणत्या दिवसांत जावे?

वर्षाची सुरुवात मी मृग नक्षत्रापासून मानतो. जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर टेकड्यांवर मृगाचा किडा बाहेर येतो. लाल मखमलीचा तुकडा मातीवर चालावा तसा तो दिसतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हे. कोळ्यांच्या कुळातला, कोळीवर्गीय जीव. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढून तो पावसाच्या या थोड्या दिवसांत वर येतो, त्यामुळे त्याची संधी एकदा हुकली की वर्षभर थांबावे लागते. त्याचा लाल रंग इतका गडद असतो की कॅमेरा फसतो. पडद्यावर छायाचित्र उत्तम दिसते आणि घरी आल्यावर कळते की लाल रंगात सारे तपशील बुडाले आहेत, मखमल जाऊन प्लॅस्टिक आले आहे. एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश, एक स्टॉप (निम्म्याने) कमी ठेवले तर एकेक केस सुटा दिसतो, आणि ओल्या काळ्या मातीचे कण त्याच्यासमोर खडकांसारखे उभे राहतात.

जुलैपासून ताम्हिणीच्या बाजूला शेवाळ, नेचे, बुरशी, बेडकांची पिल्ले भरपूर असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहगडाच्या वाटेवर सोनकी आणि तेरडा फुलतो. कास पठार साताऱ्याजवळ आहे. तिथे दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती दिसते, जिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत मागचे आकाश उलटे दिसते. मात्र कासला गर्दी फार असते आणि ठरलेल्या वाटा सोडून बसता येत नाही, सोडूही नयेत. ऑक्टोबरनंतर फुलपाखरे, डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे वेताळ टेकडीवरच्या गवतात चतुर आणि टाचण्या दवाने भिजून निश्चल बसलेल्या असतात, कारण ऊन लागून अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. उन्हाळ्यात रुईचे झाड शोधावे. त्या एकाच झाडावर मावा, मुंग्या, ढालकिडे, रंगीत टोळ आणि अळ्या अशी पूर्ण वसाहत सापडते.

महागडी लेन्स घ्यावीच लागते का? मोबाइल चालेल का?

लगेच काही विकत घेऊ नका. ५० मिलिमीटरची साधी लेन्स असेल तर रिंग लावून ती उलटी बसवली की साधारण एकास एक प्रमाण मिळते. तिच्यामागे ५० मिलिमीटर लांबीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांमध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या तरी तेच मिळते. लेन्सपुढे लावायचे भिंग, म्हणजे क्लोज-अप फिल्टर, हाही स्वस्त मार्ग आहे. पुढे घ्यायचीच झाली तर १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स घ्यावी, कारण तिच्यामुळे लेन्सचे टोक आणि कीटक यांच्यामध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर जागा राहते आणि तो बिचकत नाही. मोबाइलवर रचना आणि पार्श्वभूमी शिकता येते, आणि माझ्या वर्गातली काही उत्तम छायाचित्रे मोबाइलवर घेतलेली आहेत. फक्त मोबाइल इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली विषयावर पडते. प्रकाश कडेने येईल असे बसा.

कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणे, फुलावर पाणी फवारणे, काडीने हलवणे चालते का?

कीटकाला थंड करणे, चिकटवणे, अंग ओले करणे हे मी करत नाही आणि माझ्या वर्गात कोणालाही करू देत नाही. फूल तोडू नये. घरातल्या गुलाबावर पाणी फवारले तर कोणाचे नुकसान नाही. ते दव आहे असे मात्र सांगू नये.

हे मी अनुभवाने शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पठारावर मी एका लहानशा आमरीचे (ऑर्किडचे) छायाचित्र घेतले. ते चांगले आले होते, लोकांनी वाखाणले. उठताना मागे पाहिले तर माझ्या कोपरांखाली आणि गुडघ्यांखाली तशीच चार-पाच रोपे चिरडलेली होती. मी समोरच्या एका रोपाकडे इतका एकाग्र होतो की ती मला दिसलीच नाहीत. ते छायाचित्र मी पुन्हा कुठेही लावले नाही. आता बसण्याआधी हाताने जमीन चाचपतो आणि जिथे खडक उघडा आहे तिथेच टेकतो, मग कोन थोडा चुकला तरी चालतो.

संगणकावर रंग किती वाढवावेत?

जेवढे कमी तेवढे बरे. मॅक्रोत दिसणारे रंग मुळातच अपरिचित असतात, त्यामुळे पाहणारा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवूनच ते मान्य करत असतो.

जवळून घेतलेल्या छायाचित्रात वस्तू ओळखूच आली नाही, तर ते फसले असे समजावे का?

फुलपाखराच्या पंखाचे उदाहरण घेऊ. त्याचा पंख कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांनी झाकलेला असतो, आणि एकेक खवला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. पुरेसे जवळ गेले की पंखावरची नक्षी नाहीशी होते आणि रंगीत कणांच्या रांगा उरतात. एकेक खवला साधारण एकाच रंगाचा, आणि त्यांच्या शेजारामुळे आपल्याला दुरून छटा दिसतात. चमकदार निळ्या पंखांत तर बहुधा निळे रंगद्रव्यच नसते, खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतताना प्रकाशातला निळा भाग तेवढा उजळतो. म्हणून कोन बदलला की रंगही बदलतो. अशा छायाचित्रात फुलपाखरू ओळखू येत नाही, आणि तिथे ते ओळखू यावे अशी अपेक्षाही नसते. मी फक्त एवढे पाहतो, की पाहणारा ‘हे काय आहे’ असे विचारण्यापूर्वी काही क्षण नुसताच पाहत राहिला का. ओळख पटल्याबरोबर ज्याचे सारे आकर्षण संपते ते कोडे असते. ओळख पटल्यावर ज्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते ते छायाचित्र मी भिंतीवर लावतो. शीर्षकात वस्तूचे नाव लिहावे, लपवून ठेवू नये, असे माझे मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने माझे मॅक्रो छायाचित्र कलाकृती ठरते का?

होय. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलाकृतीच्या व्याख्येत छायाचित्राचा समावेश आहे, मग त्यात कलात्मक गुण असो वा नसो. म्हणजे तुमच्या हक्काचे रक्षण कायदा करतो, परंतु गुणाचा निवाडा तो करत नाही.

छायाचित्र केवढे छापावे?

मोबाइलच्या पडद्यावर सर्व मॅक्रो छायाचित्रे सारखीच वाटतात, म्हणून वर्षातून निदान पाच छायाचित्रे तरी छापून घ्यावीत. ३६ मिलिमीटरचा तुकडा ९० सेंटिमीटर रुंद छापला तर वस्तू पंचवीस पट मोठी होते, आणि टाचणी या कीटकाचे डोके तुमच्या तळहाताशी बरोबरी करू लागते. काही विषयांना हे मानवते. तबल्याची शाई मी मोठी छापली, कारण तिच्यात भूप्रदेशासारखे फिरावेसे वाटते. एकदांडी मात्र पोस्टकार्डाएवढीच छापली आहे. ती मोठी केली तेव्हा तिचे साधेपण गेले आणि ती एखाद्या जाहिरातीतल्या फुलासारखी दिसू लागली. लहान वस्तूचे लहानपण जपायचे की नाही, हा निर्णय प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळा घ्यावा लागतो, आणि तो कागदावर पाहिल्याशिवाय घेता येत नाही.

सुरुवात नेमकी कशी करावी?

कढीपत्त्याची एक कुंडी घ्या आणि महिनाभर दररोज सकाळी पंधरा मिनिटे तिच्यासमोर बसा. दुसरीकडे कुठेही जाऊ नका. पहिल्या आठवड्यात पाने, देठ, कोवळे कोंब यांतच गुंतून जाल, आणि पानाच्या मागून प्रकाश घेतला की त्याच्यातल्या तेलाच्या ग्रंथी पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात हे लक्षात येईल. पावसाळ्याच्या दिवसांत नशिबाने साथ दिली तर एखाद्या कोवळ्या पानावर सुमारे एक मिलिमीटरचे, फिकट पिवळे, गोल अंडे दिसेल. ते फुलपाखराचे असते. त्यातून निघणारी अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, जेणेकरून कोणी तिला खाऊ नये, आणि पुढे पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचा काटा बाहेर काढते, पण तुम्ही डिवचू नका, मुंगी जवळून गेली तरी ती तो काढते आणि तेव्हा तुम्ही तयार असा. अळी पाने खाते म्हणून घरातले कोणी कुंडी उचलून नेणार नाही याची व्यवस्था आधीच करून ठेवा. महिन्याच्या शेवटी सर्व छायाचित्रे तारखेनुसार मांडा, त्यांतली सात निवडा, आणि ती निवडताना बाकीची का सोडली हे प्रत्येकाखाली एका ओळीत लिहून वर्गात घेऊन या.